फाटकाजवळचा डबा

(गिरीज, १९७९. वाडीतल्या विहिरीवर मालन पाणी शेंदते आहे. शेजारची सालोमी कळशी घेऊन उभी.)

सालोमी : सकाळी साडेसहाला तुझा नवरा कुंपणावरून उडी टाकून गेला. फाटक उघडं होतं, मालन.

मालन : फाटकाजवळ डबा आहे ना, सालोमीबाय.

सालोमी : कसला?

मालन : केळीवर फवारायच्या औषधाचा. रिकामा झाला तसा ह्यांनी राखेनं घासला. म्हणाले, पत्रा जाड आहे, प्यायचं पाणी ठेवू.

सालोमी : त्याच्यावर कवटी आहे की.

मालन : ती किड्यांना भिववायला, म्हणे.

सालोमी : किडे बघतात वाटतं.

मालन : मागल्या महिन्यात उघड्या हातानं औषध ढवळलं, दिवसभर ओकत होते. आळ आला माझ्या वालांच्या उसळीवर.

सालोमी : मग आता उडी कशाला?

मालन : काल मी डब्यात लिंबू टाकलं. टाचण्या टोचून, कुंकू लावून.

सालोमी : जेजू देवा. तू?

मालन : हळू. आले बघा.

विठ्ठल : सालोमीबाय, कालपासून फाटकातून गेला नाहीत ना? कुणीतरी करणी केलीय.

सालोमी : औषधाच्या डब्यात?

विठ्ठल : औषधाचं काय घेऊन बसलात, दहा वर्षं हाताळतोय. वास आला की तोंड फिरवायचं. हे वेगळं. माझा खांदा धरलाय सकाळपासून.

मालन : उडीनं धरला असेल.

विठ्ठल : तुला यातलं कळत नाही.

मालन : नाही कळत. तो डबा लांब कुठं तरी पुरून टाका म्हणजे झालं.

विठ्ठल : मिटलं ते. वटारचा भगत आत्ताच येऊन गेला. लिंबू जाळलं, डबा मंतरला.

मालन : आणि डबा?

विठ्ठल : त्यानंच मागून नेला. पत्रा जाड आहे म्हणाला. सून बाळंतीण आहे, तिचं पाणी झाकून ठेवता येईल.

सालोमी : कवटी नाही दिसली त्याला?

विठ्ठल : दिसली की. म्हणाला, तिचाही बंदोबस्त केलाय.

मालन : सालोमीबाय, माझा हंडा धरा. अहो, ऐका. ते लिंबू मी टाकलं होतं.

विठ्ठल : तू?

मालन : मीच. कुंकू देवघरातलं, टाचण्या तुमच्या पावत्यांच्या.

विठ्ठल : म्हणजे करणीबिरणी काही नव्हती?

मालन : नव्हती. होतं ते औषध.

विठ्ठल : म्हणजे डबा चांगला होता. आणि मी फुकट देऊन बसलो.

मालन : हो. जा, घेऊन या परत. नाक्यापर्यंतही पोचला नसेल.

विठ्ठल : आणतोच. काय बाई आहे.

मालन : सालोमीबाय, तुमच्याकडे मोठा खिळा आहे का? आणि हातोडी. डबा आला की बुडाला चार भोकं पाडते.

सालोमी : आहे. गेला का तो?

मालन : गेले.

सालोमी : फाटकातून?

मालन : कुंपणावरून.