दोनदा उतरवलेलं दार

माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरचे आमचे नियोजन विभागप्रमुख. आजचे सत्कारमूर्ती, दारविभागाचे मास्तर आणि त्यांच्या पत्नी. आणि समोर बसलेल्या सहकाऱ्यांनो,

सुरुवात एका प्रश्नाने करते. त्याचं उत्तर मला येत नाही. लोकांचा जीव जडलेली गाडी कारखाने बंद का करतात?

हा प्रश्न मला माझ्या आईने विचारला. ती इथेच सीटची कव्हरं शिवते. तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी तिकडे बघणार नाही, कारण बघितलं तर पुढचं बोलता येणार नाही. आपली दोन दारांची, बुटकी, भन्नाट पळणारी गाडी, जिला आपण सगळे 'ठेंगणी' म्हणतो, ती बंद होणार हे कळलं त्या दिवशी आई म्हणाली, "एवढी शिकलीस, सांग की." आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. त्यामुळे मिक्सर का बिघडला इथपासून सगळं मला यायलाच हवं.

मी कारणं सांगितली. बाजूने धडक बसली तर माणूस वाचावा म्हणून नवा नियम आला. त्यासाठी सांगाडा जाड करायचा, तर सगळे साचे नव्याने करावे लागतात. ठेंगणीचं इंजिन मोठ्या घरगुती गाडीतून घेतलेलं. ती गाडी बंद झाली आणि हिचं इंजिनच पोरकं झालं. आणि ग्राहक? ठेंगणीजवळ उभं राहून फोटो काढतात, डोळे भरून बघतात, आणि मग उंच, सात जणांची गाडी घेऊन घरी जातात. माझ्या सख्ख्या मामाने हेच केलं. ज्यांनी घेतली ते इतके जपतात, की पंधरा वर्षं दुसरी घेतच नाहीत.

ही सगळी कारणं खरी आहेत. गाडी बंद करण्याचा अहवाल नियोजन विभागात मीच लिहिला, म्हणून मला माहीत आहे. पण त्यात आणखी एक कारण होतं. दार बसवायला लागणारा वेळ. सरासरी एकेचाळीस मिनिटं. "काम अतिशय संथ," असं मी लिहिलं. तीन दिवस स्टॉपवॉच घेऊन मास्तरांच्या शेजारी उभी होते मी. मोजताना कामगाराशी बोलू नये असं पुस्तकात होतं, म्हणून एक शब्द बोलले नाही.

मागच्या महिन्यात या भाषणासाठी मास्तरांच्या आठवणी विचारायला दारविभागात गेले. त्यांनी बिजागऱ्या कसल्या, रबर बसवलं, फट बोटाने चाचपली आणि डोळे मिटून दार लावलं. 'ठप्प' असा भरीव आवाज आला की झालं. पत्रा वाजला तर दार पुन्हा उतरवायचं, ही त्यांची पद्धत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तेवीस मिनिटं.

"मास्तर, आज इतक्या लवकर?"

"लवकर कुठलं? रोजचंच आहे."

"मग मी घड्याळ घेऊन आले होते तेव्हा?"

मास्तर हसले. "अगं, शिवणवाल्या बाईंची लेक साहेब होऊन आली! म्हटलं, पोरीसमोर आपलं काम देखणं दिसलं पाहिजे. प्रत्येक दार दोनदा उतरवलं आणि दोनदा बसवलं. हाताखालच्या सगळ्यांनाही तशीच ताकीद होती."

"मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस कुठं? मान खाली घालून लिहीत होतीस."

मास्तर, बसा. उठू नका, मला पूर्ण बोलू द्या. तुमची यात काही चूक नाही.

वेळ बरोबर लिहिला असता तर ठेंगणी वाचली असती का? बहुतेक नाही. नक्की सांगता येत नाही, म्हणूनच आईला उत्तर देता येत नाही. पण त्या एकेचाळीस मिनिटांचा प्रवास तिथेच थांबला नाही. नव्या गाडीच्या लाइनवर कोणाला घ्यायचं याची यादी तयार आहे. उद्या तिच्यावर व्यवस्थापक साहेबांची सही होईल. मास्तर तर आज निवृत्त झाले, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले दहा जण त्या यादीत नाहीत. त्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये पाठवायचं ठरलं आहे. कारण एकच लिहिलं आहे: हात संथ. ते दहाही जण आत्ता शेवटच्या रांगेत बसले आहेत. दादांनो, तुम्हाला हे असं सगळ्यांसमोर कळावं असं मला वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी चार दिवस पुन्हा मोजलं. या वेळी आधी सांगितलं, "रोजच्यासारखं करा, माझ्यासाठी काही करू नका." मागून कोणीतरी ओरडलं, "मग चहा पिऊनच सुरू करतो, तेही रोजचंच!" सरासरी आली चोवीस मिनिटं.

विभागप्रमुखांना दाखवलं. ते माझ्या काळजीपोटीच म्हणाले, "गाडी तर गेली. आता आकडा बदलून काय साधणार? तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे, विसरू नकोस." साहेब, मी विसरले नाही. घरी जाऊन आईला विचारलं. ती मशीनवर बसली होती, वर न बघता म्हणाली, "शिवण वाकडी गेली तर मी उसवते. कापडाला भोकं दिसतात. तरी उसवते."

मास्तर, तुम्ही माझ्यासाठी दार दोनदा उतरवलंत. इतकं देखणं काम आजवर माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं, आणि मी त्याला संथ म्हटलं. तुमच्या पुढच्या दिवसांना आरोग्य लाभो. बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे, आणि इतकं शांतपणे ऐकल्याबद्दल आपल्या सगळ्यांचे आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

अहवालातली चूक मात्र कोणी पदरात घेऊ नये. अध्यक्ष महाराज, चोवीस मिनिटांचा नवा तक्ता, चूक माझी होती असं पत्र आणि त्याखाली माझी सही, हे सगळं आज सकाळी आठ वाजता मी आपल्या टेबलावर, त्या यादीच्या वर ठेवलं आहे.