चादरीखालची कमान

...नाही नाही, मला उठवू नका. पाया पडतो, उठवू नका! खुर्ची हवी असेल तर दुसरी बघा, हिच्यावरून मी आज काही हलत नाही. गुडघे? गुडघे आहेत कुठं! ते तिकडं साओ बेंतोच्या वरच्या पायऱ्यांवर पडलेत, कुणाला सापडले तर आणून द्या. अहो, सणाच्या दिवशी माणसानं काय करावं? दारात शेगडी मांडावी, चार तारल्या भाजाव्यात, पावावर ठेवून निवांत खाव्यात, वर पेलाभर लाल दारू. आणि मी काय केलं? खांद्यावर कमान घेऊन अख्खं लिस्बन पायी हिंडलो! तुम्हाला सांगतो, या गावात उतार असा नाहीच. म्हणे सात टेकड्या. कुणी मोजल्या हो? बसमध्ये खिडकीशी बसून मोजल्या असणार! खांद्यावर ओझं घ्या आणि मग मोजा.

तर काय सांगत होतो... हां. माझा जन्म अल्फामाचा. आणि लग्न झालं बिकाच्या देओलिंदाशी. आता ह्या दोन आळ्यांमध्ये अंतर ते किती! पण मी जणू समुद्रापार गेलो असं अल्फामात रडले सगळे. त्यात राहायला गेलो सासूच्या घरात, म्हणजे घरजावई. झालं! चाळीस वर्षं बिकात मी कोण? ‘तो होय? तो अल्फामाचा.’ आणि अल्फामात कोण? ‘तो होय? तो बिकाला गेलेला.’ एरवी चालतं हो. एरवी लोक हसतात, बोलतात, दारू पाजतात. पण जून लागला, आमच्या गावच्या संताचा, सांत आंतोनियोचा सण जवळ आला, बक्षिसाच्या मिरवणुकीसाठी प्रत्येक आळीची नाचायची तालीम सुरू झाली, सळयांवर कागदाची चित्रं चढवून कमान बांधायला घेतली, की मी न्हाव्याच्या दुकानात शिरलो तरी सगळे गप्प! का? तर हा जाऊन भावाला सांगेल, आमच्या कमानीवर काय आहे ते! माझा थोरला भाऊ एर्मिनियो तिकडं अल्फामाच्या कमानीचा मुख्य ना. आणि इकडं मुख्य कोण? माझी बायको! जून महिन्यात ही बाई मंडळाच्या खोलीची किल्ली उशीखाली घेऊन झोपते. चोरापासून नाही हो... नवऱ्यापासून!

आणि यंदा काय झालं, कमान उचलणाऱ्यांपैकी एकाची ऐन सणाच्या सकाळी गॅसची टाकी उचलताना पाठ धरली. देओलिंदा माझ्यासमोर कॉफी ठेवते, बराच वेळ बघते आणि म्हणते, “झेफेरिनो, तुझा खांदा कसा आहे रे?” चाळीस वर्षांत माझा खांदा कसा आहे हे कुणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, “उत्तम.” साफ खोटं. उजवा हात डोक्याच्या वर जात नाही माझा. पण काय करणार, मला वाटलं, आज ही कमान कुणाच्या नजरेला न पडता मिरवणूक निघते त्या मार्केसच्या चौकात पोचली, की मी बिकाचा झालो. कायमचा. मग खुशाल मरायला मोकळा.

ट्रक ठरवला होता. तो कुठं अडकला? खाली, साओ पाउलोच्या रस्त्यावर, सणासाठी पोलिसांनी रस्ते बंद केले तिथं. मग उचला पायी! आता शहाणा माणूस काय करेल? वर चढून सरळ बाइरो आल्तोतून जाईल की नाही? “वेडा आहेस का?” देओलिंदा ओरडली, “तिथं बाइरो आल्तोची पोरं टपून बसलीत.” बरं, मग खालून, रोसियोच्या चौकातून? “तिथं तर सगळंच गाव!” मग कुठून? तर खालून, साओ बेंतोवरून, एश्त्रेलाच्या बाजूला चढून, रातोवरून मागच्या अंगानं मार्केस! म्हणजे शेजारच्या घरी जायला नदीपलीकडून वळसा! आणि कमानीवर काय घातलं? हिच्या रुखवतातल्या चादरी, कोपऱ्यात माझं नि हिचं नाव भरतकाम केलेल्या. एवढी वर्षं त्या पेटीतून निघाल्या नव्हत्या. माझ्यासाठी नाहीच निघाल्या हो.

निघालो आम्ही सहा जण. पुढं आमादेउ खाटीक, हा असा रेड्यासारखा माणूस, पण तोंड म्हणजे गळका नळ. दर दहा पावलांनी, “झेफेरिनो, उचलतोस का लोंबकळतोस?” त्यात वाटेत मद्रागोआ आळीची हद्द लागते. तिथल्या बायका उभा जन्म खिडकीत काढतात. एकीनं वरून हाक मारली, “अगं देओलिंदा, चादरीखाली काय नेतेस?” आता ही काय बोलणार? बोलून गेली, “मयत आहे.” मयत! सणाच्या दिवशी! “अगंबाई! कुणाचं?” “लांबचे चुलते होते.” झालं... त्या बाईनं क्रूस केला, खाली आली, तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. बघता बघता आमच्या मागं बायकांची रांग आणि जपमाळ सुरू! एक म्हणते, “केवढा मोठा होता हो बिचारा!” दुसरी म्हणते, “खातापिता असणार.” आणि देओलिंदा मला कोपरानं ढोसते, “रड ना!” मला काय रडायला सांगायला पाहिजे? मी कधीचाच रडत होतो. खांद्यानं!

पण गंमत बघा, पायऱ्यांची ती गल्ली लागली, वर एश्त्रेलाकडं जाणारी, आणि बायकांनी एकदा वर पाहिलं, एकदा आपल्या पायांकडं पाहिलं. पुढची म्हणाली, “देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, आम्ही इथूनच हात जोडतो.” गेल्या! मयताला सोडून गेल्या! सांगतो ना तुम्हाला, या गावात उतार असा नाहीच. माणूस मेला तरी त्याला वरच चढवतात.

चढलो. कसा चढलो ते मला विचारू नका. आमादेउपण गप्प झाला, यावरून काय ते समजा. डोळ्यांत घाम, समोर नुसती आमादेउची पाठ... आणि एकदम ती पाठ थांबली. मी म्हटलं, आलं वाटतं एश्त्रेला. एश्त्रेला कसलं! समोरून, वरून खाली, आमच्यासारखीच एक कमान येतेय! चादरींखाली! तिच्यापुढं छाती काढून, मिशा पुसत कोण? एर्मिनियो! माझा सख्खा भाऊ! अल्फामावाले! हे कुठून उगवले इथं? तर ह्यांनीही तेच डोकं चालवलेलं! कुणी बघू नये म्हणून नदीकाठानं लांब जाऊन, मद्रागोआला वरून वळसा घालून, आता खाली उतरून पलीकडं चढणार होते. लिस्बनमध्ये लपायला जावं आणि अख्खं लिस्बन तिथंच लपलेलं असावं!

गल्ली केवढी? दोन माणसांनी कुशीवर होऊन जावं एवढी. त्यात दोन कमानी. आम्हाला मागं फिरता येईना, त्यांना वर चढवेना. एर्मिनियो म्हणतो, “मागं घ्या.” देओलिंदा म्हणते, “तुम्ही घ्या.” “आम्ही वरून आलोय.” “आम्ही चढून आलोय!” आणि ह्या बाचाबाचीत काय झालं, रेटारेटीत आमची एक सळई त्यांच्या चादरीत घुसली, त्यांची आमच्यात, आणि दोन्ही कमानी एकमेकींत गुंतल्या. हलवलं की आतून कागद फाटल्याचा आवाज! रात्र रात्र जागून बायकांनी डोळे फोडून केलेलं काम हो ते.

मग एकच उपाय उरला. चादरी काढायच्या, सळया सोडवायच्या, एक कमान उभी करून भिंतीला लावायची, दुसरी तिच्या खालून काढायची. पण चादरी काढल्या तर दिसणार! देओलिंदा म्हणाली, “सगळ्यांनी डोळे मिटायचे.” बरोबर आहे, पण मग डावं-उजवं, वर-खाली सांगणार कोण? बिकाचा माणूस अल्फामाला चालेना, अल्फामाचा बिकाला. वाटेवरचा कुणी घ्यावा तर तो कोणत्या आळीचा निघेल काय नेम? आणि मग एर्मिनियो माझ्याकडं बोट करून म्हणाला, “हा बघेल. हा माझा भाऊ आहे.” आणि त्याच दमात देओलिंदा, “हो, हाच बघेल. हा माझा नवरा आहे!”

आता बघा! चाळीस वर्षं दोन्हीकडं परका असलेला मी, आणि आता दोघंही मला आपलं म्हणून ओढतायत! भर उन्हात, घामानं निथळत, मला भरून आलं हो. देओलिंदानं माझा हात धरून शपथ घातली, “सांत आंतोनियोची शपथ घे, जे पाहशील ते कुणाला सांगणार नाहीस.” एर्मिनियो म्हणाला, “आईची पण घे.” घेतल्या. दोन्ही घेतल्या! सगळ्यांनी डोळे मिटले, आमादेउनं तर इतके घट्ट की त्याचे दात दिसले. मी आमची चादर ओढली. आमची कमान मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होतो. पिवळी ट्राम, ट्राम चालवणारी तारली, डोक्यावर टोपी, आणि मागं बाकावर मांडीवर सणाची सब्जाची कुंडी घेऊन बसलेले सांत आंतोनियो. वा! काय सुंदर! माझ्या देओलिंदाचं डोकं! मग मी अल्फामाची चादर ओढली.

पिवळी ट्राम. ट्राम चालवणारी तारली. मागं बाकावर सांत आंतोनियो.

फरक काय म्हणाल तर त्यांच्या तारलीला टोपी नव्हती, मिशा होत्या. एर्मिनियोसारख्या. आता मला सांगा, दुसरं निघणार तरी काय होतं? लिस्बनच्या माणसाला भिंतीकडं तोंड करून बसवा आणि म्हणा, कुणालाही न दाखवता गुपचूप काहीतरी नवीन काढ. तो काय काढेल? ट्राम, तारली आणि संत! पण हे त्यांना कोण सांगणार? मी? शपथ घेतलेला? इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये मी, “डावीकडं... अजून डावीकडं... आमादेउ, खाली वाक...” दोन्ही कमानी सोडवल्या, चादरी घातल्या. एर्मिनियोनं डोळे उघडून माझी गळाभेट घेतली. चाळीस वर्षांनी! कानात म्हणाला, “कशी आहे रे आमची?” मी म्हटलं, “अशी दुसरी होणे नाही.” जीभ झडली कशी नाही माझी!

ते खाली गेले, आम्ही वर. पुढचं चढणं मला आठवतसुद्धा नाही. उतार नाहीच हो या गावात, पण त्या वेळी मला चढ जाणवेना, डोळ्यांपुढं नुसत्या दोन तारल्या. मार्केसच्या चौकात पोचलो, कुणीही न बघता! बिकाच्या बायकांनी माझे मुके घेतले. आमादेउनं खांद्यावर थाप मारली, त्याच खांद्यावर, आणि म्हणाला, “आपला माणूस!” आपला माणूस! हेच ऐकायला जन्मभर थांबलो होतो ना? आणि ऐकलं तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी हळूच देओलिंदाला म्हटलं, “अगं, ट्रामच्या जागी होडी केली तर?” “आत्ता?” “तारली काढून दुसरा एखादा मासा...” “झेफेरिनो, एक दिवस बरा वागलास तर लगेच शिकवायला लागलास?” शपथ म्हणजे शपथ.

संध्याकाळी दिवे लागले, बँड वाजला, गर्दी ही एवढी. आधी अल्फामाची चादर निघाली. लोक वेडे झाले! टाळ्या, शिट्ट्या! मी देओलिंदाकडं बघितलंच नाही. मग आमची निघाली. आणि गर्दीतून हसू. मोठ्यानं, पोट धरून हसू. लहान पोरं ओरडतायत, “एक तारली हरवलीय, दुसरी शोधायला आली!” आमच्या बायका नाचायच्या थांबल्या नाहीत, एवढं मात्र खरं. डोळ्यांतून पाणी आणि पायांत नाच. बक्षीस? तिसऱ्याच आळीला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

मिरवणूक संपायच्या आत दोन्ही आळ्या माझ्याभोवती. बिकावाले म्हणतात, यानंच आमचं भावाला सांगितलं. अल्फामावाले म्हणतात, यानंच आमचं बायकोला सांगितलं. मी ओरडून ओरडून सांगतोय, अहो मी आजच पाहिलं, दुपारी, तुम्हीच दाखवलंत, शपथ घालून! कोण ऐकतंय? देओलिंदा मात्र ओरडली नाही. जवळ आली, हळू विचारलं, “तू दुपारपासून जाणत होतास?” “शपथ होती गं.” “शपथ बाहेरच्यांसाठी असते, झेफेरिनो. बायकोला सांगायला शपथ आड येते?” मी एर्मिनियोकडं बघितलं, म्हटलं, तू तरी बोल. तर त्याच्याही डोळ्यांत पाणी. “आईची शपथ घेतली होतीस,” म्हणाला, “पण भावाला खूण नाही केलीस.”

चाळीस वर्षं मी एकच गोष्ट विचारत होतो, बाबांनो, मी कुणाचा? शेवटी मिळालं एकदाचं उत्तर. भाऊ म्हणाला, “शेवटी बायकोचाच निघालास!” आणि बायको म्हणाली, “शेवटी भावाचाच निघालास!”