हिरवी वायर

सरकारी दवाखान्यात आईच्या एक्स-रेसाठी थांबलेल्या उमाच्या मागच्या बाकावर कन्नड तालुक्यातलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. कूलरमध्ये पाणी ओतताना त्यांची सून सोनिया शॉक लागून गेली होती. तिचं शव कधी ताब्यात मिळतं, याची ते वाट बघत होते.

"सरू, कूलरचा प्लग मीच जोडला होता ना?" म्हातारा विचारत होता.

"व्हय. पण कूलरच खराब निघाला."

"लाल वायरीत करंट असतो. हिरवी कूलरच्या पत्र्याची, ती जाड पिनीला लावायची. दुकानदारानं नीट समजावलं होतं."

"तुम्ही तशीच लावली."

"तू बघितलं?"

"बघितलं."

"मग वायरमन असं का म्हणतो? लाल अन् हिरवीची अदलाबदल झाली, म्हणून पत्र्यात करंट उतरला म्हणतो."

"त्याला काय कळतंय."

"किसनानं विचारलं तर? त्याची बायको गेली, सरू."

"किसनाला मी सांगते. तुम्ही नका बोलू."

"पण मी हिरवीच लावली. डोळ्यांनी बघून लावली."

"व्हय. आता गप बसा जरा."

तेवढ्यात उमाच्या आईचं नाव पुकारलं. उमा उठली, तसा म्हातारा बायकोला म्हणाला, "त्या हिरव्या साडीवाल्या बाईची जागा रिकामी झाली बघ. तिथं कडेच्या भिंतीला टेकून बस."

उमानं वळून पाहिलं. तिची साडी लाल होती. म्हातारीनं त्या साडीकडं पाहिलं, मग उमाच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूच हात जोडले.

"व्हय," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या हिरव्या साडीवालीचीच. बसते मी."