काळूचा 'सर' झाला

…नाही, पण 'सर' म्हणाला हो मला! सर! बाबुलाल! आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय, माणूस प्राध्यापक होता, आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट आहे, याला तर शहापूरचा भाजीवालासुद्धा सर म्हणतो… अहो, भाजीवाल्याचं वेगळं आणि बाबुलालचं वेगळं! तुम्हाला सांगतो, करडीच्या शाळेत आम्ही एका पाटीवर लिहिलं, धानाच्या एका बांधीतल्या चिखलात लोळलो, आणि गेली पन्नास वर्षं हा माणूस वरठीहून येतो, कारखान्यात होता तेव्हा सायकलवर, आता मोटारसायकलवर, आणि फाटकातूनच गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतो, "काय बे काळू, हायेस का जिवंत?" आणि मी आतून, "ये बे गोऱ्या, तुले पोचवल्याबिगर जात नाही मी!" हाच आमचा रामराम, हाच आमचा जय भीम!

आणि मागच्या महिन्यात काय झालं? फाटक वाजलं. हळूच! बाबुलालच्या हातानं आमचं फाटक कधी हळू वाजलेलं नाही, त्याची कडी त्यानंच मोडलीय. बाहेर येऊन बघतो तर हा हात जोडून उभा. "नमस्कार सर. येऊ का आत?"

मला वाटलं, कोणीतरी गेलं! म्हटलं, "काय झालं बे?" तर म्हणतो, "काही नाही सर, सहज आलो जी." जी! चहा प्यायला, कप स्वतः उचलून आत ठेवला, 'येतो सर' म्हणाला आणि गेला! मी हिला विचारलं, निर्मलाबाईंना, म्हटलं, याला काय झालं? तर तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणते कशी, "भाषन कोनं देल्लं होतं? तुमीच त सांगतलं ना त्याईले!"

भाषण… हां. ते राहिलंच सांगायचं. भंडाऱ्याला ज्येष्ठांच्या मंडळात मला बोलावलं होतं. विषय माझाच, 'विनोद आणि वर्ण : एक समाजशास्त्रीय चिंतन'. आता माझा स्वभाव असा की भाषणाआधी चार रात्री झोप नाही, आणि भाषणानंतर आठ, की आपण बोललो ते बरोबर होतं का? तरी बोललो. रंगावरून ठेवलेली नावं म्हणजे प्रेमाच्या वेष्टनातली हिंसा असते, हे वाक्य मला बरं जमलं होतं, टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत बाबुलाल. तोंड उघडं ठेवून ऐकत होता हो! मला वाटलं, नेहमीसारखा झोपला असेल. तर नाही! एकदाच, आयुष्यात एकदाच त्यानं माझं भाषण जागेपणी ऐकलं, आणि घात झाला! सर म्हणतो हो मला!

नाव कुठून आलं म्हणता? मंडईतून! भाजीची नव्हे हो, आमच्याकडची, दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते ती मंडई. करडीच्या मंडईत फिरती टॉकीज आली होती, तंबू ठोकून. सिनेमा 'गोरेलाल-काळूराम'. दोन दोस्त, एक दुधासारखा गोरा, एक तव्यासारखा काळा, ट्रक घेऊन देशभर फिरतात, आणि जाईल तिथं लोक गोऱ्याला खुर्ची देतात, काळ्याला चौकीत बसवतात, आणि हे दोघे एकमेकांच्या रंगावरून असं काही बोलतात की हसून हसून पोट दुखतं. गर्दी तर एवढी की समोर जागाच नाही. मग आम्ही पोरं बसलो पडद्याच्या मागं! कापडाचाच पडदा, दोन्हीकडून दिसतो, मागच्या बाजूला तिकीटही निम्मं. नावं उलटी दिसत होती, पण आम्हाला नावं वाचायची कुठं होती? आता मी हा असा, कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा. आणि बाबुलाल इतका गोरा की त्याची आई म्हणे, बदलून तर नाही आला? तंबूतून बाहेर पडलो ते हा गोऱ्या आणि मी काळू. यानं तर दुसऱ्या दिवसापासून गोरेलालसारखा भांग पाडायला घेतला, उजव्या बाजूला. आजतागायत तसाच पाडतो, आता केस उरलेत तितपत.

आणि तुम्हाला सांगतो, ही नावं पुढं उपयोगी पडली हो! नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा खोली बघायला दोघं गेलो. घरमालकीणबाईंनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. याला खुर्ची दिली, पितळी पेल्यात पाणी दिलं. मला म्हणतात, "तू पायरीवरच बस हो." मी कुणब्याचा, दहा पिढ्या धान पिकवणाऱ्यांचा, सांगून थकलो, बाईंना पटेचना! वर्षभर याला लाडू आणि मला संशय. मग दसऱ्याला हा पांढराशुभ्र शर्ट घालून दीक्षाभूमीवर निघाला, बाईंनी विचारलं, "कुठं निघालात?" यानं सांगितलं, ताठ मानेनं. तासाभरात दोघांच्या ट्रंका रस्त्यावर! मी ट्रंकेवर बसलो, मला रडू यायला लागलं, खरंच सांगतो, लाजेनं. आणि हा? हा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बिचारीची फसवनूक झाली रे काळू. तिनं कातडी पाहून माल घेतला, आन माल बदलून निघाला!" आणि असा हसला, असा हसला की रिक्षावाले थांबले. मग मीही हसलो. आता मला सांगा, त्या दिवशी ती दोन नावं आमच्याजवळ नसती, तर त्या बाईवर हसायला आम्ही काय वापरलं असतं? …हा मुद्दा भाषणात घ्यायला हवा होता. राहिलाच. असं होतं माझं नेहमी.

तर अशा माणसाला मी गमावलं, भाषण देऊन! सर म्हणतो हो मला! पंधरा दिवस म्हणत राहिला. एकदा तर फोनवर 'आपण' म्हणाला. मी रात्री उठून ब्लड प्रेशर मोजलं.

आणि तेवढ्यात पेपरात वाचलं, 'गोरेलाल-काळूराम फिर चले'! दुसरा भाग! तेच दोन नट, दोघांचे दात नवे, दोघांचे गुडघे बदललेले, पण तेच! मी मलाच म्हटलं, धनीराम, हाच उपाय. याला घेऊन जायचं. पहिल्या विनोदाला हा विसरणार आणि 'काळू' म्हणणार. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये शेजारी शेजारी बसलो. पडद्यावर पहिलाच विनोद, गोरेलाल म्हणतो, तुला एअरपोर्टवर सामानासोबत तपासतील. सगळी टॉकीज हसली. मी बाबुलालकडे बघितलं. यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून धरलेला, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्या कानाशी येऊन विचारतो काय, "सर, याच्यावर हसता येते का जी?"

आता मी काय सांगू? मला स्वतःला माहीत नाही! म्हटलं, "हस." तर म्हणतो, "पन तुमच्या भाषनात त—" दुसरा विनोद. "सर, हा चालते?" तिसरा. "हा त नसन चालत, नाही का सर?" अहो, विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेला मी इतका घामाघूम झालो नव्हतो!

मग पडद्यावर दोघांना जुनी आठवण येते आणि पहिल्या भागाचा तुकडा लागतो, ट्रकचा प्रसंग, आमचा तोंडपाठ! आणि बाबुलाल एकदम खुर्चीतून उठला. "थांब… हे उलटं हाय! अबे काळू, पाय ना! काळूराम त इकडून येते, हा तिकडून कसा आला? आन गोरेलालचा भांग पाय बे, डाव्या बाजूनं!"

काळू! म्हणाला! मी हात धरून त्याला खाली बसवला, म्हटलं, "गोऱ्या, उलटं ते नाही रे, आपण होतो. आपण पडद्याच्या मागं बसलो होतो." याचा हात भांगावर गेला. "म्हंजे जन्मभर मी…?" म्हटलं, "हो." आणि मी हसायला लागलो, तोही लागला… आणि मधेच थांबला. "माफ करा सर. तोंडातून निघालं."

मध्यंतरात मी त्याला बाहेर ओढला. समोसा हातात, खायचं सुचत नाही. म्हटलं, "काहून करून राहिला बे असं?" तर हा खाली मान घालून म्हणतो, "तू येवढा शिकलेला मानूस. तू मायकावर सांगतलं की अशानं मानसाले लागते. मंग मले वाटलं, पन्नास वर्षं मी याले बोलून राहिलो, आन हा मुकाट्यानं आयकून राहिला… तू मले कधी सांगतलं काहून नाही बे?"

बघा. मी आठ रात्री जागलो की भाषण बरोबर होतं का, आणि हा जागला की आपली दोस्ती बरोबर होती का. म्हटलं, "बाबुलाल, त्या पायरीवर मला बसवलं ते लागलं होतं. तुझं कधीच नाही." त्यानं माझ्या हातातला समोसा घेतला आणि खाल्ला. मग मला धीर आला. म्हटलं, "म्हण." "काय?" "काळू म्हण." "येथी? लोकं हायेत जी!" म्हटलं, "म्हण बे!" तर हा हात पुसत दाराकडे निघाला.

आत गेलो. लाइट गेले, अंधार गुडुप, सगळी टॉकीज शांत, आणि माझ्या शेजारून पन्नास वर्षांचा तो आवाज, अख्ख्या भंडाऱ्याला ऐकू जाईल असा, "अबे काळू! कोठी हायेस बे? दात काढ, म्हंजे दिसशील!"

माझे डोळे भरून आले हो! आणि समोरच्या रांगेतून एक मुलगी ताडकन उठून वळली. शिकलेली, चष्म्यातली. "काका, कोणाच्या रंगावरून असं बोलणं शोभतं का तुम्हाला? हा विनोद नाही, ही हिंसा आहे. त्यांची माफी मागा!" अहो, ती माझंच भाषण बोलत होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं! मागून दोघंतिघं ओरडले, "मागा, मागा!" बाबुलाल उठला. मुलीला हात जोडले, म्हणाला, "खरं हाय बेटा, चुकलो." मग माझ्याकडे वळला, चेहरा एकदम गंभीर, दोन्ही हात जोडून, वाकून म्हणतो,

"माफ कर बे, काळू."

…आता अख्खी टॉकीज माझ्याकडे बघून राहिली. काय करता? केलं माफ!