सातबारा कोणी विचारला

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. सतरंजीवर जागा आहे.

वामनराव, वच्छलाबाईंच्या लेकींनो, इचोड्याच्या आणि बाहेरगावाहून आलेल्या मंडळींनो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. शोकसभेतल्या भाषणांवर माझा विश्वास नाही. गेलेलं माणूस सगळ्यांना एकदम आवडायला लागतं, तेव्हा मला शंका येते. पण आज नाही म्हणून चालणार नव्हतं. मला इथे वामनरावांनी उभं केलं आहे. आठवणी सांगायला नाही. कबुली द्यायला.

वच्छलाबाईंच्या फोटोपुढे एक जुनी शाल ठेवलेली आहे. विहारात शिरताना दोघातिघांनी मला विचारलं, "मास्तर, हे काऊन ठेवली?" सांगतो. जरा मागून सांगावं लागेल.

इथल्या तरुणांना माहीत नसेल. एके काळी बसस्टँडजवळच्या दुकानात रहस्यकथा भाड्याने मिळायच्या. खिशात मावणाऱ्या. वर पिस्तूल, एक घाबरलेली बाई आणि लेखकाचं भारदस्त नाव. दर महिन्याला नागपूरहून नवी यायची आणि आठवडाभरात तिची पानं सुटायची. ट्रकवाले वाचायचे, शिक्षक वाचायचे. भाजीवाल्याच्या तराजूशेजारी एक उघडी पालथी पडलेली असायची. मी नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. वर्गात मी त्या पुस्तकांना बंदी केली होती. घरी एकही सोडत नव्हतो.

एका पुस्तकात मी अडलो. मुंबईचा गुप्तहेर पुण्याजवळच्या शेतावर जातो, तलाठ्याला दरडावतो, "पहाणी दाखवा."

हसलात. म्हणजे तुम्हाला कळलं. महाराष्ट्रात जमिनीच्या त्या कागदाला सातबारा म्हणतात. पहाणी आपण इकडे तेलुगू मुलखात म्हणतो, निजामाच्या वेळेपासून म्हणतो. पुण्याच्या तलाठ्याकडे पहाणी मागायला लावणारा लेखक मुंबईचा नाही. तो आपल्या जिल्ह्यातला आहे. मुखपृष्ठावरचं नाव खोटं आहे. हे सगळं मला एका शब्दाने सांगितलं.

मग मी संशयित शोधला. फार लांब जावं लागलं नाही. तहसील कचेरीतले कारकून. अक्षर सुंदर, मराठी स्वच्छ, दिवसभर पहाणीच्या नकला करणारे. शिवाय नागपूरला जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती कापडात शिवलेलं पुडकं देताना मी त्यांना पाहिलं होतं. एकदा नाही, तीनदा. वामनराव.

शब्दाखाली लाल रेघ मारली आणि पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"हे तुमचं आहे," मी म्हणालो.

"काहीही बोलता मास्तर. दिवसभर पहाण्या लिवतो मी. घरी येऊन खून काऊन लिवू?"

वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. पुस्तकाकडे वाकून पाहिलं.

"काय चुकलं जी त्याच्यात?"

मी समजावून सांगितलं. पहिलीच्या मुलीला सांगावं तसं.

"मंग तिकडं काय म्हंतेत त्याले?"

"सातबारा."

"सातबारा," त्या म्हणाल्या. कप ठेवला आणि आत गेल्या.

दोन महिन्यांनी नवीन पुस्तक आलं. तोच गुप्तहेर, तसाच तलाठी. म्हणतो, "सातबारा दाखवा."

आता आणखी कोणता पुरावा हवा होता? मी शाळेत सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. वामनराव नाही म्हणत राहिले. जितकं नाही म्हणाले तितका आमचा संशय पक्का झाला. पुढे ती पुस्तकं बंद पडली, लोकांच्या घरी टीव्ही आले, पण वामनराव गावाचे लेखक झाले ते झालेच. गावाने त्यांचा सत्कार केला. शाल मी त्यांच्या खांद्यावर घातली. ते मान खाली घालून बसले. वच्छलाबाई बायकांमध्ये बसून टाळ्या वाजवत होत्या. मी पाहिलं. म्हटलं, बाईला नवऱ्याचं कौतुक आहे.

वच्छलाबाई गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वामनराव ओसरीत बसले होते.

"मास्तर, ते पुस्तकं माये नोयते."

"मग कोणाचे?"

"तिचे."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, पुरावा काय?

हो. तीन दिवसांपूर्वी ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात बसून मी पुरावा मागितला. मला वाटलं, म्हातारा दुःखात आपलं सगळं बायकोच्या नावावर करतो आहे.

वामनराव रागावले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मास्तर, त्या दिवशी सातबारा कोणं इचारला होता?"

मंडळी, मी मराठी शिकवली. जन्मभर शिकवली. असल्या कथांची थट्टा करताना मुलांना सांगायचो, यात शेवटी तोच निघतो जो खोलीत असतो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही. मी खोलीत होतो. बघितलं नाही.

आणि तो एकच धागा होता असं नाही. पहिल्याच पुस्तकात मुंबईच्या समुद्रावर प्रेत वाहत येतं आणि जमलेले लोक पलीकडच्या काठाकडे बघतात. मी तेव्हा हसलो होतो. समुद्राला पलीकडचा काठ? वच्छलाबाईंचं माहेर बेज्जूरकडचं, प्राणहिता नदीच्या काठावरचं. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हटलं की पलीकडे काठ असतोच, एवढं त्यांना माहीत होतं.

मी वामनरावांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"तिनं शपथ घातली होती. म्हणे, बाई खून लिवते म्हटल्यावर पोरीयले सोयरीक कोण आणन?"

"पण पोरींची लग्नं झाल्यावर?"

"मंग तं तुमी माया खांद्यावर शाल टाकून बसले होते."

त्या लेकी समोर बसल्या आहेत. त्यांनाही हे चार दिवसांपूर्वीच कळलं. धाकटीने मला विचारलं, "काका, आई कधी लिवत होती?" उत्तर वामनरावांनी दिलं. दुपारी. पोरी शाळेत, नवरा कचेरीत, तेव्हा.

तुमच्यापैकी काहीजण अजून वामनरावांकडे बघून हसता आहात. विश्वास बसत नाही. मी ते हसू ओळखतो. मीच ते गावाला शिकवलं. आता मीच सांगतो, ते बंद करा. वामनराव, तुम्ही मान वर करा. तुम्ही पुडकी ट्रकपर्यंत पोहोचवलीत आणि शब्द पाळलात. खोटं मी बोललो. खात्रीने बोललो.

तर शाल यासाठी. चुकीच्या खांद्यावर पडली होती. आज जागेवर आली. उशिरा आली.

हे ते पुस्तक. लाल रेघ अजून तशीच आहे.

वच्छलाबाई, तुमच्या एकाही पुस्तकावर तुमचं नाव नाही. एका शब्दात तेवढ्या तुम्ही होता. तो मी चूक ठरवला आणि तुम्ही निमूट बदललात. तुमची सही मी तुमच्याच हाताने खोडून घेतली. लाल शाई पुसता येत नाही, बाई. म्हणून आज सकाळी त्या रेघेशेजारी मी लिहिलं आहे: बरोबर.

आता उठू या. दोन मिनिटं उभे राहू या. कोणी काही विचारू नका. विचारायचं होतं तेव्हा आपण भलत्यालाच विचारत बसलो. या दोन मिनिटांत माझ्याकडे बघू नका, वामनरावांकडे बघू नका.

त्यांच्याकडे बघा.