आधी स्क्रू, मग हार

पेडगाव फाट्यावर जीपची वाट बघत होतो. बाकड्यावर जनरेटरवाला बसलेला, समोर एक पोरगी उभी.

"सटवाजीकाका, उद्याच्या लग्नात व्होल्टेज वाढवायचं न्हाई."

"डीजे सुरू झाला की लाईटी मरगळत्यात, ताई. जनरेटरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवावाच लागतोय."

"अन् डीजे थांबल्यावर? घरात माझ्या बापाचं ऑक्सिजनचं मशीन तुमच्याच जनरेटरवर चालणार, वाढलेलं व्होल्टेज त्याच्यावर जातंय. जळलं म्हंजे?"

"बापाला तेवढा येळ दुसऱ्या घरी न्या की."

"पोरीचं लगीन बापानं बघायचं न्हाई?"

"आं? नवरी तूच व्हय?"

"मीच."

"लाईट कमी पडली तर तुझ्या नवऱ्याकडचे मला हाणतील, बाई."

"कुणी स्क्रूला हात लावला तर मला हाक मारा. आधी स्क्रू खाली करीन, मग हार घालीन."