मंदारच्या बंदुकीला कुंकू

बंदुकीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मंदारचं ऐका. २००९ची गोष्ट. इंग्लंडात, ब्रिस्टलमध्ये त्याने रीतसर लायसन्स काढून बंदूक घेतली. महायुद्धातल्या जर्मन बंदुकीची हुबेहूब नक्कल, पण गोळ्या खऱ्या! घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप तयार. घरात बंदूक ठेवणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो, मग तो मित्र का असेना. अश्विनीवहिनी तर ‘ती घराबाहेर काढ’ म्हणून म्हणून थकली होती.

लायसन्सची एक अट कडक होती. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे आहे, हे बायकोलाही कळता कामा नये. कळलं तर बंदूक गेली.

दसऱ्यानंतर पोलीस तपासणीला आला, तेव्हा मी तिथेच होतो. मंदारने ऐटीत कपाट उघडलं. बंदुकीवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल!

“हे कोणी केलं?” पोलिसाने विचारलं.

वहिनी चहा घेऊन आली. “मी. आमच्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. हा ऑफिसला गेला होता.”

“आणि किल्ली?”

“याच्या मोज्यांच्या खणात असते ना!”

पोलिसाने शांतपणे चहा संपवला आणि बंदूक घेऊन गेला.

“माझंच चुकलं रे,” मंदार म्हणाला, “ती बिचारी भाविक.”

तोवर सहा वर्षं मी त्या घरी जात होतो. वहिनीने गणपतीतसुद्धा साधी उदबत्ती लावलेली मी पाहिली नव्हती.